पाठवलेला आवाज

गेल्या सत्रात संज्ञापनाच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला एक छोटं काम दिलं होतं. घरातला एक फोन निवडायचा, शक्यतो स्वतःचा नाही, आणि दिवसभर त्याच्याभोवती काय घडतं ते वहीत लिहायचं. तो कुणाच्या हातात कधी जातो, कुणी आलं की उलटा ठेवला जातो, कुठल्या आवाजाला घरातलं कोण उठतं, रात्री कुणाच्या उशाशी असतो. वह्या जमा झाल्या आणि विभागातल्या खिडकीपाशी बसून मी त्या वाचायला घेतल्या. बाहेर कडुलिंबाची पानगळ सुरू होती, आत जुन्या पंख्याची कुरकुर. बहुतेक वह्यांमध्ये भावाचे गेम होते, वडिलांचे बाजारभाव होते, आजीची भजनं होती, लग्नाळू बहिणीचे बायोडेटे होते. सगळं ओळखीचं आणि तरीही वाचत राहावं असं. एका वहीच्या शेवटच्या पानावर, काम संपल्यावर आठवलं म्हणून लिहावं तशा तीन ओळी होत्या. ‘आई मामाला व्हॉइस पाठवते. पाठवून झाला की तोच व्हॉइस कानाला लावून स्वतः परत ऐकते. का ऐकतेस विचारलं तर म्हणाली, असंच.’

ही मुलगी बीड जिल्ह्यातली. वसतिगृहात राहते. आईवडील दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सुट्टीत ती कारखान्याच्या तळावर त्यांच्याकडे गेली होती आणि तिथला, त्यांच्या कोपीतला, म्हणजे झोपडीतला, फोन तिनं निवडला होता. वहीत तिनं नीट लिहिलं होतं की फोन एकच आहे, तो दिवसा वडिलांच्या खिशात असतो, मुकादमाच्या फोनला तो लगेच उचलला जातो, आणि ट्रॅक्टरवर चार्ज करावा लागतो. आईच्या हाती तो येतो रात्री, भाकरी झाल्यावर. आईला लिहिता येत नाही. माईकच्या खुणेवर अंगठा दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं, एवढं मुलीनं शिकवलेलं. बोलणं साधंच असतं. पाऊस झाला का, धाकट्याला ताप होता तो गेला का, म्हैस व्यायली का. आणि मग, अंधारात, स्वतःचाच आवाज पुन्हा एकदा.

ते ‘असंच’ माझ्या डोक्यातून जाईना.

संज्ञापनाचा पहिला पेपर शिकवताना आम्ही सगळेच फळ्यावर चौकोन काढतो. डावीकडे पाठवणारा, उजवीकडे ग्रहण करणारा, मध्ये संदेश आणि माध्यम, सगळ्यांना जोडणारे बाण. 1948 साली क्लॉड शॅनन बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून तारेतून जाणाऱ्या संकेताचं गणित मांडत होता. त्याला माणसांशी कर्तव्य नव्हतं, तारेतल्या खरखरीशी होतं. त्याच वर्षी हॅरल्ड लासवेलनं कोण, काय, कुठल्या मार्गानं, कुणाला आणि कुठल्या परिणामासाठी सांगतं, हा आपला प्रसिद्ध प्रश्न लिहिला. पाऊणशे वर्षं होऊन गेली तरी आमच्या वर्गांत तेच बाण आहेत. मुलं ते सुबक काढतात, पट्टी घेऊन. परीक्षेत त्याला गुण मिळतात. पण कोपीतल्या त्या बाईचा बाण मी कुठे काढू? संदेश गेला आहे, दोन निळ्या खुणाही येतील, मॉडेलच्या दृष्टीनं सगळं पार पडलं आहे. आणि तरी ती ऐकते आहे. जेम्स केरी या अमेरिकन अभ्यासकानं 1975 मध्ये म्हटलं होतं की संज्ञापन म्हणजे नुसती मालवाहतूक नव्हे. एकत्र जमून आपलं जग पुन्हा पुन्हा उभं करण्याचा तो विधी असतो. मी हे शिकवताना वारीतल्या कीर्तनाचं उदाहरण देते. कथा सगळ्यांना पाठ असते, नवी माहिती शून्य, आणि माणसं रात्रभर बसतात. केरी मला त्या बाईच्या थोडा जवळ नेतो. पण त्याचा विधीही चारचौघांत होतो, आणि ही एकटी आहे.

आमच्या लहानपणी शेजारी एक काकू होत्या. त्यांचा मुलगा लष्करात होता. महिन्यातून एकदा त्या निळं आंतर्देशीय घेऊन यायच्या आणि मी ओट्यावर पालथी पडून त्यांचं पत्र लिहायची. पदराला तेलाचा आणि शेणीच्या धुराचा वास, हातात कायम काहीतरी निवडायचं काम. त्या सांगायच्या ते मी लिहायची, शाळेत शिकवलेल्या मायन्यासकट. पत्र पुरं झालं की त्या म्हणायच्या, “आता वाच बघू.” मी वाचायची. त्या हातातलं थांबवून ऐकायच्या, अगदी लक्ष देऊन, जणू मुलाकडूनच आलेलं पत्र आहे. मध्येच म्हणायच्या, “हे गुडघ्याचं काढून टाक.” मी खोडायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मला तेव्हा कंटाळा यायचा, बाहेर खेळ सुरू असायचा. आज वाटतं, त्या दोन वाचनांच्या मध्ये जे होत होतं त्याच्यासाठी माझ्या अभ्यासक्रमात एकही घटक नाही. आपण बोललेलं आपल्याच कानावर पडल्याशिवाय ते आपण खरंच बोललो, असं त्यांना वाटत नसावं.

आणि मग जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर खेडोपाडी फिरून बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्यांतल्या पुष्कळ ‘पारी’ या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ऐकता येतात, बहुतेक गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. मी दरवर्षी त्यातल्या काही वर्गात लावते. स्पीकरमधून थकलेला, किंचित किनरा आवाज येतो आणि मागच्या बाकावरची कुजबुज थांबते. पहाटे, घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीवर गायलेलं ते गाणं. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, भावाबद्दल, विठ्ठलाबद्दल, काहींत तर बाबासाहेबांबद्दलही. ते ऐकायला समोर कुणी असलंच पाहिजे असं नव्हतं. भावाला उद्देशून गायलेली ओवी भावाच्या कानावर कधीच पडायची नाही. हे संज्ञापन आहे की नाही, असा प्रश्न मी वर्गात टाकते. दरवर्षी एखादी तरी मुलगी ठामपणे म्हणते, आहे. का, ते तिला सांगता येत नाही. मलाही पूर्ण सांगता येत नाही. पण ऊसतोडीच्या तळावरचा तो फोन आणि अंधारातलं ते जातं यांच्यात नातं आहे, यावर माझा आता विश्वास बसला आहे.

मुलं आमच्याकडे येतात ती पाठवायला शिकण्यासाठी. यात त्यांचं काही चुकत नाही. जिल्ह्याच्या गावात यूट्यूबवरची बातम्यांची चॅनेलं आहेत, पुढाऱ्यांची समाजमाध्यमं सांभाळायची कामं आहेत, दुकानांच्या रील्स आहेत. एडिटिंग येत असेल तर महिन्याला काही हजार हातात पडतात आणि गावाकडचं कर्ज थोडं हलकं होतं. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, “मॅडम, सॉफ्टवेअर कधी सुरू होणार?” अभ्यासक्रमही त्यांच्याच बाजूला सरकत चालला आहे. दर फेरबदलात साधनांचे तास वाढतात आणि संस्कृती या शब्दाखालचं काहीतरी कापलं जातं. रीच, एंगेजमेंट, व्ह्यूज, रिटेन्शन हे शब्द मुलं घरूनच घेऊन येतात. पाठवलेलं किती जणांपर्यंत पोचलं हे त्यांना सेकंदासेकंदाला दिसतं. कुणापर्यंत पोचलं, आणि पोचल्यावर त्या माणसाचं काय झालं, हे कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

याच संदर्भात मी त्यांना 1956 ची गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला अजूनही हुरूप येतो. त्या वर्षी आकाशवाणी पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावातले पंधरा-वीस जण चावडीत किंवा शाळेत रेडिओभोवती जमायचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि खरं काम तिथून सुरू व्हायचं. ऐकलेल्यावर चर्चा. पटलं का, आपल्या गावात जमेल का, विहिरीचं काय, खताचं काय. मंडळाचा निमंत्रक शंका आणि ठरलेलं लिहून पुण्याला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरं यायची. याचा अभ्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केला. नुसता रेडिओ असलेली गावं, रेडिओच नसलेली गावं आणि मंडळं असलेली गावं त्यानं शेजारी ठेवून तपासली. मंडळांच्या गावांतली समज कितीतरी वाढलेली दिसली. नुसत्या रेडिओच्या गावांत त्या मानानं फारच थोडी. न्यूराथ मूळचा व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांमधून सुटून तो अमेरिकेत पोचला होता. एका माणसाचा आवाज हजारो लाउडस्पीकरांतून आला की काय होतं, हे ज्याच्या देशानं भोगलं, तो माणूस आपल्याकडच्या चावडीत बसून शेतकरी रेडिओला उलट काय विचारतात ते मोजत होता. हे आठवलं की मला त्या अहवालातल्या तक्त्यांकडे कोरडेपणानं पाहता येत नाही.

त्या मंडळांना कुणी भाबडं समजू नये. जात होतीच, बायका बहुतेक नव्हत्याच, बोलण्याचा पहिला मान गावच्या मानकऱ्यांचा असणार. पण ऐकणं हेही एक काम आहे, त्याला वेळ, जागा आणि माणसं नेमावी लागतात, इतकं तरी त्या योजनेत गृहीत धरलेलं होतं.

आज वर्गात मी विचारलं की व्हॉइस नोट कोण कोण दीडपट वेगानं ऐकतं, तर जवळजवळ सगळे हात वर गेले. गटातले, मित्रांचे, सरांचे, सगळेच. मग एक मुलगा हळूच म्हणाला, “मॅडम, मी तर आईचेपण.” कुणी हसलं नाही. त्याच्या आईच्या बोलण्यात फार थांबे असतात, तो म्हणाला, म्हणून. मला त्याला काही म्हणावंसं वाटलं नाही. रात्रपाळीला एटीएमवर बसून दिवसा वर्गात येणारा मुलगा आहे तो. वेळ त्याच्याकडे खरोखर नाही. पण ते थांबे माझ्या मनात राहिले. आई ज्या जागी थांबते, तिथेच बहुधा सांगण्यासारखं काही असतं.

ऐकण्याशिवायचं पाठवणं कुठवर जातं हे शिकवण्यासाठी मला लांब जावं लागत नाही. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या आधी आठवडेच्या आठवडे फोनाफोनांवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारून टाकलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतली होती. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. मूळ फीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला होता. वर्गात मी आधी कापलेली फीत दाखवते, मग पूर्ण. दिवे लावले की काही वेळ कुणीच काही बोलत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच जागीच संदेश पुढे धाडण्याची मर्यादा घातली. तांत्रिक उपाय म्हणून तो योग्यच होता. पण मला सगळ्यात बोचतं ते वेगळं. डवरी गोसावी म्हणजे हातात डौर, म्हणजे डमरूसारखं वाद्य, घेऊन गावोगाव फिरणारे, दारात गाणी म्हणणारे, भिक्षा मागणारे लोक. एका मुलखातलं दुसऱ्या मुलखात नेणारी माध्यमं याहून जुनी कुठली? आमच्या आजोळी गोसावी आला की आजी सुपात धान्य घेऊन उंबऱ्यात यायची, पण धान्य लगेच घालायची नाही. आधी कुठून आलास, तिकडे पाऊसपाणी कसं, हे विचारून घ्यायची. राईनपाड्यात त्या पाच जणांचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. हातातल्या पडद्यानं ते कोण आहेत हे आधीच सांगून ठेवलेलं होतं.

न ऐकण्याचा आपला इतिहास फोनपेक्षा पुष्कळ जुना आहे, हेही वर्गात सांगावंच लागतं. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले तरी, ‘केसरी’नं छापली नाही. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं आहे. एकेक जात हा त्याचा एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडी नाही. माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगली आकृती मला माहीत नाही. चौकोन आहेत, बाणच नाहीत. शीर्षस्थानी तुकोबांची ओळ होती, ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें’. आमच्याकडे मूकनायक दिनाला व्याख्यानं होतात, ती व्हायलाच हवीत. पण व्याख्यानानंतर मला नेहमी वाटतं की बोलणाऱ्यानं भीड सोडली हे आपण शंभर वर्षं साजरं करतो आहोत. ऐकणाऱ्यानं काय सोडायला हवं होतं, याचा तास अजून कुणी घेतलेला नाही.

त्या मुलीची परवानगी घेऊन मी तिच्या तीन ओळी वर्गात वाचल्या. ऐकल्या ऐकल्या एक जण म्हणाला की तळावर रेंज नसते, नीट गेला का हे ती तपासत असेल. एकीला वाटलं, तिला स्वतःचा आवाज आवडत असेल, आणि त्यात काय वाईट आहे? मला हे उत्तर फार आवडलं. दिवसभर मोळ्या बांधणाऱ्या, डोक्यावरून गाडीत टाकणाऱ्या बाईचा आवाज कुणाला आवडावा, ही शक्यता आपण कुठे मनात आणतो? जालन्याकडचा एक मुलगा म्हणाला, “टोळीत बाईचं कोण ऐकतं मॅडम? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आगाऊ पैशांची उचल त्याच्या नावावर. तिथं तिला आवाज कुठंय?” मागच्या बाकावरून, कधीच न बोलणारा एक जण बोलला. त्याची आई व्हॉइस रेकॉर्ड करते, पूर्ण बोलते, आणि बोट सरकवून खोडून टाकते. पाठवतच नाही. त्यानं तिला असं करताना पाहिलं आहे. काय बोलते, ते त्याला ऐकू आलेलं नाही.

तास संपला तेव्हा फळ्यावर मी काहीच लिहिलेलं नव्हतं. एकानं विचारलंच, “मॅडम, यातलं परीक्षेला काय येईल?” प्रश्न रास्त होता. त्यांचं सगळं पुढचं आयुष्य गुणपत्रिकेवर टांगलेलं आहे, आणि जे परीक्षेला येत नाही ते शिकायची चैन त्यांना परवडत नाही. म्हणून ऐकण्याला अंतर्गत मूल्यमापनात जागा हवी, असं मी अभ्यास मंडळाच्या बैठकीत मांडलं. उपयोजित काय आहे यात, असं विचारलं गेलं. मी राईनपाड्याचं नाव घेतलं, श्रोतामंडळांचं घेतलं. रात्रपाळीच्या मुलाबद्दल आणि खोडलेल्या व्हॉइसबद्दल बोलले नाही; ते त्यांचं होतं. बरीच चर्चा झाली आणि अखेर एका पेपरातले वीस गुण मिळाले. एवढ्यासाठी इतका आटापिटा कशाला, असं एका सहकाऱ्यानं प्रेमानंच विचारलं. वीस गुणांसाठी मुलं अख्खी रात्र जागतात, म्हणून.

येत्या सत्राचं काम असं ठरवलं आहे. प्रत्येकानं एक माणूस निवडायचा, ज्याचं म्हणणं घरात किंवा गावात सहसा कुणी विचारत नाही. एक तास त्याच्यासमोर बसायचं. फोन बंद, रेकॉर्डिंग नाही, शक्यतो प्रश्नही नाहीत. परत येऊन आठवेल ते लिहायचं, थांब्यांसकट. मग ते लिहिलेलं घेऊन त्याच माणसाकडे पुन्हा जायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो जिथे म्हणेल की असं नव्हे, किंवा हे काढून टाक, तिथे खोडायचं, दुसरं लिहायचं, आणि खोडलेलं दिसू द्यायचं. स्वच्छ प्रत जमा करायची नाही. गुण त्या दुरुस्त्यांना आहेत.